जागृतीचा उजवा हात

जागृतीचा फोटो रोज सकाळी यायचा. सोबत शब्द नसायचे. वर केलेला उजवा तळहात, त्याच्या मागे कधी चादर, कधी ओट्याची फरशी, कधी जाळ्याचा हिरवा ढीग. तळहातावर निळ्या बॉलपेनने मारलेली एक आडवी रेघ. त्या रेघेपर्यंत हात जागा झाला आहे, पुढे अजून नाही, असा तिचा अर्थ.

ही पद्धत आम्हा दोघींचीच. जुलैमध्ये बोईसरला ड्यूटीवर येताना तिची रिक्षा खड्ड्यात उलटली. समोरची काच फुटून तिच्या उजव्या मनगटात शिरली. हाड वाचलं, पण अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना जाणीव देणारी नस तुटली. मुंबईत ती जोडली. तिथल्या सर्जननी सांगितलं होतं की नस म्हणजे वायर नव्हे, जोडली की लगेच चालू होत नाही. वरचं टोक नव्याने वाढत खाली येतं, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. ते कुठवर आलं हे बाहेरून कळतं. मनगटापासून बोटांच्या दिशेने टिचक्या मारत जायचं. जिथे टिचकी मारल्यावर बोटात करंट गेल्यासारखं वाटतं, तिथे टोक.

"मग रोज तिथे रेघ मार आणि मला पाठव," मी म्हटलं होतं. "मी ग्राफ काढते."

"काढ, प्रोफेसर. बक्षीस मिळालं तर अर्धं माझं. हात माझा आहे."

आम्ही पालघरला एकत्र नर्सिंग केलं आणि बोईसरच्या एकाच खाजगी हॉस्पिटलात, एकाच फिमेल वॉर्डमध्ये लागलो. माझे वडील एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात आहेत, आम्ही मूळचे जळगावकडचे. ती किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, बापाची बोट, आईचा सुक्या मासळीचा धंदा. तिच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी ती पहिली. आमच्या इन्चार्ज कीर्ती मॅडमनी तिची जागा धरून ठेवली होती, पण वर्षअखेरपर्यंतच. "त्यानंतर मॅनेजमेंट माणूस घेणार, मी थांबवू शकत नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. तोवर तिच्या ड्यूट्या आम्ही बाकीच्या वाटून घेत होतो.

जागृतीला हे माहीत होतं. तिचं म्हणणं एकच. "मी इथे बसले ना वैभू, तर बसलेच. मग लग्न, मग टोपली. बघ तू."

तिला डाव्या अंगठ्याने टाइप करावं लागायचं म्हणून तिचे मेसेज तुटक असत. फार बोलायचं असलं की ती बोललेलं पाठवायची, मागे वारा आणि बायकांचा कलकलाट.

"वैभू, ऐक. शेजारची शकूमामी बोलली, हाताला गरम वाळूचा शेक दे. आय बोलली, खोबरेल चोळ. काका बोलला, देवीला नारळ बोल. आता तू काय ते बोल, म्हणजे चौघांचं होऊन जाईल."

मी लांबलचक उत्तर लिहायचे. शेक अजिबात नको, भाजलं तरी तुला कळणार नाही. चहाचा कप डाव्या हातात. तव्याजवळ जायचं नाही. इस्त्री नाही, विळी नाही. बोटांना रोज आरशात बघितल्यासारखं बघायचं, कारण बोटं स्वतः काही सांगणार नाहीत. ती अंगठा वर केलेलं चित्र पाठवायची. डावा अंगठा.

फोटो यायला उशीर झाला की मला काही सुधरायचं नाही. औषधांची ट्रॉली ढकलताना खिशातला फोन थरथरल्यासारखा वाटायचा आणि बघावं तर काही नसायचं. कधी असायचा तो घरचा मेसेज, येताना दूध आण. मी स्टोअररूमच्या दारामागे उभी राहून आदल्या दिवसाचा फोटो मोठा करून बघायचे. रेघ सरळ पुढे जात नव्हती. दोन दिवस थोडी पुढे, मग तिथेच, एकदा चक्क मागे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण टिचकी रोज सारखी बसत नाही आणि खरी मोजमापं अशीच वेडीवाकडी येतात. जागृतीला मात्र वाईट वाटायचं.

"मागे कशी गेली गं? नस काय रुसून परत चाललीय?"

"मोजण्यातला फरक आहे तो."

"तुला मजा वाटतेय. तुझा हात असता तर कळलं असतं."

मी त्या दिवसाची रेघ ग्राफवर मांडली.

पावसाळा सरला, बोटी पुन्हा नीट जाऊ लागल्या आणि मुरब्याच्या किनाऱ्यावर बोंबील सुकायला लागले. मी बोंबील खाल्ले होते, ते सुकतात कसे हे बघितलं नव्हतं. जागृतीने व्हिडिओ पाठवला. वाळूत रोवलेले बांबू, त्यांना आडव्या बांधलेल्या दोऱ्या, याला ती वलांडी म्हणायची. एका हातात एक ओला बोंबील, दुसऱ्यात दुसरा. दोघांचे जबडे उघडायचे, एकात एक अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक मासा अलीकडे, एक पलीकडे. ना गाठ, ना दोरा. व्हिडिओत तिच्या आईचे, मैनाबाईंचे, हात इतके भरभर चालत होते की जबडा अडकतो कधी ते मला तीनदा बघूनही दिसलं नाही. मग तिचे स्वतःचे हात, सावकाश. उजव्या अंगठ्याने आणि तर्जनीने मासा धरला, तो घसरला, पुन्हा धरला, अडकवला.

"आय बोलली, बसून काय करतेस, ये इकडे. बोंबील थेरपी."

मला ते फार आवडलं. पालघरची फिजिओथेरपिस्ट तिच्याकडून कपड्यांचे चिमटे दाबून घेत होती, पिठाचा गोळा मळून घेत होती. हे तेच होतं, पण कितीतरी चांगलं. चिमटीत धरणं, जोर कमी-जास्त करणं, दोन्ही हातांचा मेळ. मी लिहिलं, उत्तम व्यायाम आहे, रोज कर. तवा, इस्त्री, विळी, चहाचा कप, असं सगळं मी तिला लिहून दिलं होतं. बोंबील त्यात नव्हता. असणार कसा? आम्हाला नर्सिंगमध्ये जे शिकवलं त्यातही तो नव्हता.

आणि खरंच, चिमटीत जोर येऊ लागला. तिने बाटलीचं झाकण उघडतानाचा व्हिडिओ पाठवला, मग बटण लावतानाचा. त्याच सुमाराला रेघही चालायला लागली. रोज थोडी पुढे, तळहात ओलांडून बोटाच्या पहिल्या पेरावर, मग दुसऱ्या. मी बदाम पाठवायचे, नाचणारं अस्वल पाठवायचे. डिसेंबर सुरू झाला तेव्हा मी कीर्ती मॅडमना सांगून टाकलं, "वर्षअखेरपर्यंत बोटांची टोकंसुद्धा जागी होतील, मॅडम."

"तुझा ग्राफ सांगतोय?"

"हो."

"बघू," त्या म्हणाल्या. त्या सगळ्यालाच बघू म्हणतात.

एका सकाळचा फोटो ऊन चांगलं असताना काढलेला होता. रेघ शेवटच्या पेरावर होती. मी सवयीने फोटो मोठा केला आणि रेघेच्या अलीकडे, तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या आतल्या बाजूला, बारीक ठिपके दिसले. लाल, काही काळपट, खूप.

"बोटांवर काय आहे?" मी लिहिलं.

"दात. बोंबलाचे. सगळ्यांनाच लागतात, आयला विचार."

बरोबर आहे, मला वाटलं. मी सलाईन बदलायला गेले. पण ठिपके डोक्यातून जाईनात. एक पेशंट पाणी मागत होती, तिला मी दोनदा पाणी नेऊन दिलं. जेवायच्या सुट्टीत मी लिहिलं, "डाव्या हाताचा फोटो पाठव."

"त्याला काय धाड भरलीय?"

"पाठव ना."

फोटो आला. डावी तर्जनी जवळजवळ स्वच्छ. नखाजवळ एकच ओरखडा.

मी डबा तसाच झाकून ठेवला. तेच मासे, तेच काम, तीच मुलगी. दोन्ही हात दोन्ही जबड्यांत जातात. दात टोचला की हात आपण विचार करायच्या आधीच मागे येतो. डावा येत होता. उजवा येत नव्हता. म्हणजे त्याला टोचलेलं कळतच नव्हतं, आणि ते ठिपके तर रेघेच्या अलीकडे होते, जिथे हात जागा झाला असं ती मला महिनाभर सांगत होती.

त्या दिवशी मी तिला तीन वेळा लिहायला घेतलं आणि पुसलं. दुसऱ्या दिवशी फोटो आला, रेघ आणखी पुढे. मी अस्वल पाठवलं नाही. तिने विचारलंही नाही.

माझ्या साप्ताहिक सुट्टीला मी मुरब्याला गेले. शेअर रिक्षात मागे चौघं बसलो होतो, शिफ्ट संपवून निघालेले दोन कामगार एकमेकांच्या खांद्यावर झोपले होते. उतरले तेव्हा माझी एक बाजू बधिर झाली होती आणि मला उगाच हसू आलं.

जागृती वलांडीपाशी होती, ओढणी कमरेला खोचून. मला बघून तिने हातातली जोडी दोरीवर टाकली. "अगं! कळवलं नाहीस. आय, प्रोफेसर आली."

मैनाबाई माशांच्या पाटीपासून उठल्या. "ये बाय. ह्या वासात आलीस? तुला चालतो काय वास?"

"आमच्या वॉर्डपेक्षा बरा आहे, मावशी."

"हात दाखव," मी जागृतीला म्हटलं.

"आल्या आल्या? आधी चहा तरी पी."

मी हात धरला. फोटोत दिसलं नव्हतं ते दिसलं. तर्जनीची एक बाजू सुजून लाल झाली होती, कातडी ताणलेली आणि गरम.

"हे कधीपासून?"

"दुखत नाही गं ते."

"म्हणूनच विचारतेय."

तिने हात काढून घेतला. मैनाबाई आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी दोन जोड्या लावल्या आणि म्हणाल्या, "मी बोललेली तिला, धुऊन टाक. आमी हळद लावतो. तिला हळद नको, तिला कायच नको."

आम्ही ओट्यावर बसलो. मी बोट धुतलं, सोबत आणलेल्या औषधाने साफ केलं, पट्टी केली. गोळ्या लागतील, उद्या पालघरला दाखव, म्हटलं. ती दुसरीकडे बघत होती. मग मी पर्समधून एक पिन, एक नाणं आणि केसाचा चाप काढला.

"डोळे मिट."

"का?"

"मिट तर. कुठली वस्तू हातात दिली ते ओळखायचं."

तिने डोळे मिटले. मी पिन उचलली. तिच्या बोटावर ठेवायच्या आधीच तिने डोळे उघडले.

"नको," ती म्हणाली. "मला माहितीय काय होणार ते."

खाली मैनाबाई कोणाला तरी कावळा हाकलायला सांगत होत्या.

"रेघ खरी कुठे आहे?" मी विचारलं.

तिने तळहाताच्या वरच्या भागाला, बोटं सुरू होतात त्याच्या थोडं अलीकडे, डावी तर्जनी लावली. नस वाईट वाढत नव्हती. इतक्या महिन्यांत जेवढी यायला हवी जवळपास तेवढी आली होती. फक्त बोटांच्या टोकापर्यंत डिसेंबरात पोचणं तिला शक्यच नव्हतं, आणि हे मला गणित करून कळायला हवं होतं. मी ग्राफ काढत बसले होते.

"आठवडाभर एकाच जागी होती," ती म्हणाली. "मग एक दिवस मी जरा पुढे मारली. केसभर. तू लगेच बदाम पाठवलेस. ते येडं अस्वल पाठवलंस. मग दुसऱ्या दिवशी मागे कशी नेऊ सांग."

"न्यायची."

"तुला सोपं आहे."

"जागू, सुजलंय ते बोट. हातात पसरलं असतं तर..."

"नाही ना पसरलं." ती एकदम माझ्याकडे वळली. "हे बघ, तू मला सांग. शीर कोणत्या हाताने शोधतो आपण?"

मला ती काय म्हणणार ते कळलं. सलाईनसाठी सुई लावताना उजव्या हाताच्या बहुतेक नर्स डाव्या बोटानेच शीर चाचपतात. शीर डोळ्यांना दिसेलच असं नाही, ती बोटाला लागते, दाबली की परत उसळते.

"डावा हात माझा झकास आहे. आय, इकडे ये जरा." मैनाबाई हात पुसत आल्या. जागृतीने त्यांच्या दंडाला ओढणी बांधली, डोळे मिटले आणि डावं बोट कोपरापासून खाली फिरवत नेलं. मनगटाच्या थोडं वर थांबली. मी तिथे बोट लावून बघितलं. शीर तिथेच होती.

"ही हल्ली माज्या हातावर रोज असंच करते," मैनाबाई म्हणाल्या. "मी काय गाय हाय काय चाचपायला?"

"उजव्याने फक्त सुई धरायची," जागृती म्हणाली. "धरायला जोर लागतो. जोर आलाय."

"आणि सुई शिरेत शिरताना बारीकसं कळतं ते?"

"रक्त दिसतं की मागे. डोळे आहेत मला."

ती पूर्ण चूक नव्हती.

"कीर्ती मॅडमना काही बोलायचं नाही, वैभू."

"मला विचार करू दे."

"कर. सगळ्यांना विचार करायला माझाच हात मिळालाय."

रिक्षा मिळेपर्यंत मैनाबाई माझ्यासोबत चालत आल्या. "तिला घेऊन जा बाय तुज्याबरोबर," त्या म्हणाल्या. "तिचा जीव नाय लागत हितं. मी नाय सांगितलं तिला बोंबील लावायला. तिला रिकामी बसवत नाय, तिनंच हातात घेतले." त्यांनी सुक्या बोंबलांची पुडी माझ्या हातात कोंबली.

त्यानंतर फोटो बंद झाले. बोटाची सूज उतरली, गोळ्या चालू आहेत, एवढं तिने दोन ओळींत कळवलं, बाकी काही नाही. मी सकाळी उठून फोन बघायचे, ड्यूटीवर जाताना, वॉर्डमध्ये शिरताना. एकदा स्टोअरमध्ये मी माझ्या अंगठ्याला आणि दोन बोटांना चिकटपट्टीचे थर गुंडाळले आणि मुदत संपलेली एक सुई चिमटीत धरून संत्र्यात टोचून बघितली. सुईकडे बघत होते तोवर जमलं. नजर संत्र्यावर नेली की सुई बोटांत फिरायची आणि मला कळायचं नाही. मग वाटलं, याने काय सिद्ध झालं? माझी बोटं झाकलेली होती, बधिर नव्हती. तिला सहा महिन्यांची सवय आहे, मला पाच मिनिटांची. संत्र्याचा वास दिवसभर हाताला येत राहिला.

मॅडमना सांगावं तर मैत्रीण जाते. न सांगावं आणि काही झालं तर ते पेशंटच्या हाताला होणार, किंवा तिच्याच बोटाला, वापरलेली सुई टोचून. तिला ती टोचलेलीही कळणार नाही. मी हे दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा मांडलं की शब्द नुसते वाजायला लागले.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात कीर्ती मॅडमनीच विचारलं. "जागृतीचा फोन आला होता. डॉक्टरांचं पत्र आणतेय. पकड चांगली आहे असं लिहून दिलंय म्हणे. तू काय म्हणतेस?"

"मॅडम, एकदा तिला समोर करून दाखवू द्या," मी म्हटलं. यापेक्षा जास्त मला बोलवेना, कमीही बोलता येईना.

मॅडमनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "तेच करणार आहे."

ती आली ती युनिफॉर्ममध्ये. इस्त्री कडक, केस आवळून बांधलेले. वॉर्डमधल्या आया धावल्या. "आली गं बाई आमची बोंबील!" एकीने तिला मिठी मारली. ती हसत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मॅडमनी पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. "चल. साखरबाईंना नवीन सुई लावायचीय."

साखरबाई परभणीकडच्या, मुलगा इथे कारखान्यात. जुलाबांनी सुकून गेल्या होत्या, शिरा खोल गेलेल्या, आणि जीभ मात्र शाबूत.

"आता ही कोण नवी?" त्यांनी विचारलं. "माझा हात काय शाळा आहे का, रोज नवी पोरगी शिकायला?"

"जुनीच आहे आजी," जागृती म्हणाली. "रजेवर होते."

"मग ठीक. पण एकदाच टोच. कालच्या पोरीनं मला चाळण केली."

कालची पोरगी मीच होते.

मी ट्रे धरून उभी राहिले. मॅडम पलंगाच्या पायथ्याशी. जागृतीने हातमोजे घातले, दंडाला पट्टा बांधला, डाव्या बोटाने चाचपायला सुरुवात केली. कोपरात नाही. खाली. मनगटाजवळ नाही. पुन्हा वर आली, बाहेरच्या बाजूला, जिथे मी काल बघितलंच नव्हतं. थांबली. दाबलं, सोडलं, दाबलं.

"इथे," ती म्हणाली. चेहरा असा झाला की मला वाटलं आता सगळं ठीक होईल, मी उगाच इतके दिवस स्वतःचा जीव खाल्ला.

तिने जागा पुसली. उजव्या हातात सुई घेतली, टोपण काढलं, डावं बोट पुन्हा शिरेवर ठेवलं. सुई कातडीजवळ नेली. मग तिने नजर शिरेवरून काढून स्वतःच्या बोटांकडे नेली. पुन्हा शिरेकडे. पुन्हा बोटांकडे. चिमटी इतकी आवळलेली होती की बोटांवरचा हातमोजा ताणला गेला होता. सुईचं टोक अगदी किंचित वळलं. तिने बघितलं, सरळ केलं. शिरेकडे बघितलं. ते पुन्हा वळलं.

मी तोंड उघडलं.

"पोरी, मुहूर्त बघतेस काय?" साखरबाई म्हणाल्या.

जागृतीने सुई मागे घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली. डावं बोट मात्र शिरेवरच होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "शीर इथे आहे. चांगली आहे. पण मी सुई धरलीय की नाही ते मला बघावं लागतंय. कळत नाहीये."

मॅडम पायथ्यापासून पुढे आल्या, तिचं बोट कुठे आहे ते बघितलं. मग मॅडम म्हणाल्या, "तू बोट काढू नको. वैभवी, नवीन सुई घे. तू लाव."

मी लावली. तिच्या बोटाच्या टोकापासून थोड्या खाली, ती दाखवत होती त्या दिशेने. एकदाच. रक्त आलं. मी पट्टा सोडला, चिकटपट्टी लावली. आमची डोकी एकमेकींना लागत होती आणि तिच्या श्वासाला वेलचीचा वास येत होता, बहुतेक येताना चघळली असेल.

"एका सुईला दोन पोरी," साखरबाई म्हणाल्या. "पण दुखलं नाही बाई."

मॅडमनी तिला टेबलापाशी बसवलं. मी औषधं भरायचं नाटक करत ऐकत होते. "जागा मला ठेवता येणार नाही, जागृती. मला एक नर्स हवी. दोघी मिळून एक नको. बोटं जागी झाली की ये, नवीन अर्ज कर, मी बघीन."

"कधी होतील ते सांगता येत नाही, मॅडम."

"माहितीय. म्हणूनच तारीख दिली नाही."

ती उठली. कपडे बदलून आली तेव्हा युनिफॉर्मची घडी पिशवीत होती. मी तिच्यासोबत रिक्षा स्टँडपर्यंत गेले. दुपारच्या शिफ्टच्या बस लागल्या होत्या, रस्त्यात माणसं माणसांना ढकलत होती. तिने पिशवी डाव्या खांद्याला लावली होती आणि उजवा हात ओढणीत धरला होता, गर्दीत कोणी आपटू नये म्हणून.

"एक विचारू?"

"विचार."

"मी थांबले नसते तर बोलली असतीस?"

"हो."

"कधी?"

"बोलणारच होते. सुई दुसऱ्यांदा वळली तेव्हा."

"मुरबे, मुरबे! एक सवारी, चलो दीदी," रिक्षावाला ओरडत होता.

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तू थांबशील."

"आणि नसते थांबले तर?" तिने माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदाच. "माझ्यासाठी म्हातारीचा हात लावलास डावावर. बरी आहेस."

यातलं किती कौतुक आणि किती राग, मला कळलं नाही. ती रिक्षात बसली, पिशवी मांडीवर घेतली. शेजारच्या बाईला सरकायला सांगितलं.

"उद्या..." मी म्हटलं.

"उद्या फोटोबिटो काही नाही. फोन कर. वॉर्डमधल्या भानगडी सांग, ती नवी आया काय म्हणते ते सांग. हाताबद्दल एक अक्षर काढलंस तर बघ."

रिक्षा निघाली. मी परत वॉर्डमध्ये आले, हात धुतले, मग पुन्हा धुतले. कीर्ती मॅडम टेबलापाशी जागेच्या जाहिरातीचा मजकूर लिहीत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अनुभव किती मागू? एक वर्ष की तीन?"

तीन वर्षं काम केलेल्या मुली मुंबईला जातात, बोईसरला यायला सहसा तयार होत नाहीत, जागा महिनोनमहिने रिकामीच राहते. हे मला माहीत होतं आणि मॅडमनाही माहीत होतं.

"तीन," मी म्हटलं.

त्यांनी पेन थोडा वेळ कागदावर तसाच धरला आणि तीन लिहिलं.